गुरांची वाट

रुचिताने नकाशा बांधावर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली. शिरोळचा नव्वद वर्षांपूर्वीचा नकाशा. भूमी अभिलेखच्या कचेरीतून तिने त्याची प्रत मिळवली होती. कॉलेजात भूगोल शिकवणारी ही बाई गेले चार रविवार तो कागद घेऊन गावभर फिरत होती. बुजलेला आड तिला एका दवाखान्याच्या मागे सापडला, नावेचा जुना घाट बाभळींच्या दाटीत. आता राहिल्या होत्या फक्त दोन तुटक रेघा, नदीपासून माळाच्या टेकाडापर्यंत गेलेल्या.

रेघा सयाजीच्या रानात शिरत होत्या.

ऊस नुकताच तुटून गेला होता. खोडव्याला, बुडख्यांतून फुटणाऱ्या नव्या उसाला, पाणी पाजणारा सयाजी खोरं खांद्यावर टाकून आला.

"हितं कसली वाट? आज्ज्यापास्नं आमचं रान हाय हे. त्यो कागद तलाठ्याकडं न्हेनार हायसा काय तुमी?"

"नाही मामा. वाट मागायला नाही आले. कुठून जायची, एवढंच बघायचंय. इथं लिहिलंय, गुरांची वाट."

शेजारच्या बांधावर गवत कापणाऱ्या शालूबाईचा विळा थांबला.

"काय लिवलंय म्हनालीस? परत वाच की."

"गुरांची वाट, मावशी."

शालूबाई होती तिथेच खाली बसली.

रुचिताने दोघांकडे पाहिलं. बांधाला बांध असून ही माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. दोन हजार एकोणीसच्या महापुरात पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा शालूबाईने चारी म्हशींची दावी सोडली. म्हशी सयाजीच्या उभ्या उसातून टेकाडावर पोचल्या आणि वाचल्या. म्हातारीने मुद्दाम घातल्या, असं सयाजी म्हणाला. आपल्या आपण गेल्या, असं ती सांगत राहिली. कुणाला पटलं नाही. शेवटी चावडीपुढे, चारचौघांत, तिला हात जोडावे लागले.

रुचिता रेघेच्या अंदाजाने पावलं टाकू लागली. तिसाव्या पावलाला जमीन पायाखाली किंचित उचलली गेली. दहा पावलं आडवं गेल्यावर ती पुन्हा उतरली.

"मामा, इथं उंचवटा आहे?"

सयाजीने खोरं खाली ठेवलं, सरीतून चालत तिथे आला आणि नदीकडून टेकाडाकडे बघत राहिला.

"त्या साली ह्यो एवढाच पट्टा राहिलाता," तो म्हणाला. "बाकी समदा ऊस कुजला. ह्यो तेवढा पाण्याच्या वर हुता. म्हनून तर त्यातनंच म्हशी गेल्याचा राग आला मला."

बोलून झाल्यावर आपण काय म्हणालो ते त्याचं त्यालाच उमगलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. मग पाच वर्षांत पहिल्यांदा बांधाकडे तोंड करून हाक मारली.

"वैनी, कुठनं चढल्या त्या? दावा की."

शालूबाई सावकाश उठली, पदर खोचून बांध ओलांडून आली. तिने नकाशाकडे पाहिलंही नाही. खोडव्यातून सरळ चालत जाऊन एका ठिकाणी थांबली.

"थोरली फुडं हुती. हितनं वर आली, आन् बाकीच्या तिच्या मागनं." तिने खाली नदीच्या बाजूला हात केला. "मी छातीएवढ्या पाण्यात हुबी राहून वरडत हुते, सयाजी. माघारी फिर, तितं ऊस हाय म्हनून."

"व्हय, वैनी," सयाजी म्हणाला.