डोळ्यांआधीचे निळे ठिपके

मित्रांनो, बोटभर लांबीची, कडेला टवका उडालेली एक जुनी काच आहे मी. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात ना, ती काचपट्टी. पुण्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, लाकडी पेटीतल्या एकेचाळिसाव्या खाचेत माझा मुक्काम. शेजारच्या खाचा रिकाम्या. हाक मारावी असं कुणी नाही.

माझ्या पोटात एक गोगलगाय आहे. न जन्मलेली, मोहरीहून लहान. पाषाणच्या तळ्यात एका पानाला तिची आई अंडी चिकटवून गेली होती. इथे शिकवणाऱ्या श्यामला मॅडमनी ते पान आणलं, अंड्यातलं इवलंसं पिल्लू रंगवून माझ्यावर ठेवलं, वर पातळ काच बसवली आणि कडा नेलपॉलिशने बंद केल्या. ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची. तेव्हापासून आम्ही दोघी. ती बोलत नाही, म्हणून मीच बोलते.

प्रत्येक जिवाच्या पेशींत बारीक सूचना लिहिलेल्या असतात. त्यांना जनुकं म्हणतात. त्यांतलं एक फार गुणी. रांगोळी काढताना तुम्ही आधी ठिपके मांडता ना? तसं ते डोक्याच्या जागी ठिपके मांडतं. इथे डोळा, इथे मेंदूची गाठ, इथे वास घेणारी शिंगं. रेघा ओढणारी जनुकं मागून येतात. ते गुणी जनुक जिथे जागं असेल, तिथे निळा रंग उमटावा अशी युक्ती मॅडमनी केली. म्हणून माझ्या गोगलगायीच्या डोक्यावर दोन निळे ठिपके आहेत, भोवती निळसर धुकं. डोळे नाहीत. डोळ्यांची जागा तेवढी आहे.

सुरुवातीला कौतुक झालं. पाहुणे वाकून बघत, "वा!" म्हणत. मग शहराचं वारं फिरलं. मॅडमचा हुशार विद्यार्थी आमोद हिंजवडीला संगणकाच्या नोकरीवर निघाला.

"मॅडम, इथे माणूससुद्धा गोगलगायीच्या चालीनं पुढे जातो," तो म्हणाला.

"आणि तिकडच्या कोंडीत कंपनीची बस कुठल्या चालीनं जाते रे?" मॅडमनी विचारलं.

दोघं हसली. पण तो गेला तो गेलाच. पेटी मिटली. वर्षंच्या वर्षं अंधार.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात बाहेरून गाणं ऐकू आलं. प्रयोगशाळा झाडायला सत्यशीला यायची, चंद्रपूरकडून पोटासाठी पुण्यात आलेली. झाडता झाडता ती गुणगुणत होती:

"माझ्या गं सोनूला, ऊन लागतं टोचाया,
सांगा सूर्व्या नारायणा, ढगाआड गं बसाया."

सोनू तिची सहा वर्षांची लेक. तिच्या डोळ्यांत रंगीत कडं नव्हतंच, नुसता काळा गोल. उजेड तिला सोसायचा नाही. त्या दिवशी ती टेबलाखाली सावलीत बसली होती.

"जन्मापासून असंच का?" मॅडमनी विचारलं.

सत्यशीलाचा हात थांबला. "माह्याच्यानंच झालं जी. पोटुशी असताना सूर्व्याचं गिऱ्हान पाह्यलं मी, नव्व्याण्णव सालचं. सासू म्हणत होती, बाहेर निघू नको. पण कामावर खाडा कसा करू? घरी येता येता ढग फाकले अन् नजर वर गेली. तेव्हापासून सासू आधी पोरीकडे पाहते, मंग माह्याकडे."

"कितवा महिना होता?"

"पाचवा."

मॅडमनी सोनूच्या डॉक्टरांचा कागद मागून घेतला, वाचला. मग पेटी उघडली, मला पुसलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. "बघा. काय दिसतं?"

"दोन निळे टिकले."

"त्या डोळ्यांच्या जागा. हे ठिपके मांडणारं जनुक माणसातही असतं. सोनूसारखं होतं, तेव्हा बहुतेकदा त्याच जनुकात एखादं अक्षर चुकलेलं असतं. ही चूक अगदी पहिल्या दिवसाची, सत्यशीलाबाई. तुम्हाला दिवस गेलेत हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं, तेव्हाची."

"म्हणजे मी घरात बसली असती, तरी?"

"तरी."

सत्यशीलाने पुन्हा डोळा लावला.

"सासूले काय सांगू?" तिने हळूच विचारलं.

"सांगा, माणसांना विचारून झालं, आता गोगलगायीला विचारून आले."

टेबलाखालून आवाज आला, "आई, मले बी दाखव." मॅडमनी दिवा मंद केला. सोनूने खूप जवळून पाहिलं. "हिले डोळे कधी येतील?" तिने विचारलं.

मॅडमनी तिच्या डोळ्यांवर हाताची सावली धरली.

सोमवारी सत्यशीलाची सासू गोदाबाई स्वतः आली. "दाखवा ती गोगलगाय," म्हणाली. बघून झाल्यावर पदराने डोळे टिपत ती भिंतीशी बोलावं तशी बोलली, "सहा वर्स बोलली मी हिले." मग सुनेच्या हातातला झाडू घेतला आणि उरलेली अर्धी खोली तिनेच झाडली.

आता मॅडम निवृत्त झाल्या. माझे फोटो संगणकात गेले. काच ठेवून काय करायचं, असं नवी माणसं म्हणतात. निळा रंग फिका पडतोय. फार एकटं वाटतं.

मित्रांनो, एवढंच मागणं. कुणाच्या घरी वेगळं मूल जन्मलं, तर त्याच्या आईकडे बोट दाखवायची घाई करू नका. खरं कारण पुष्कळदा अशाच एखाद्या अंधाऱ्या पेटीत, कुणीतरी बाहेर काढून उजेडात धरेल म्हणून वाट बघत पडलेलं असतं.