जुना जमा केल्याशिवाय

काकांच्या हातात कोरा फोन कधी आला नव्हता, पण नव्या फोनची त्यांच्याइतकी वाट दुसरं कोणी पाहत नसेल.

नवा फोन यायचा तो मुलाकडे. मुलगा दूर, नोकरीच्या शहरात. एकाच कंपनीवर त्याची श्रद्धा. तिचं नवं मॉडेल निघालं की तो घ्यायचा आणि त्याचा उतरलेला फोन काकांकडे यायचा. थोरल्याचे कपडे धाकट्याला होतात ना, तसंच, फक्त या घरात क्रम उलटा होता.

हा उतरलेला फोन कुरिअरनं पाठवायचा नाही, असं आपोआपच ठरून गेलं होतं. पहिल्या खेपेला मुलानं पाठवला होता. काकांनी तो चालू करण्याच्या नादात असा काही कुलूपबंद करून टाकला, की दुकानदारानंही हात टेकले. तेव्हापासून मुलगा स्वतः घेऊन यायचा. शनिवारी यायचा, जेवणाच्या टेबलावर दोन्ही फोन शेजारी-शेजारी ठेवायचा, एकातलं सगळं दुसऱ्यात जायला लावायचा आणि ते जाईपर्यंत तिथेच बसून राहायचा. काकूंचे फोटो पुष्कळ होते, त्यामुळे वेळ लागायचा. मधल्या वेळात बापलेक चहा प्यायचे. रविवारी दुपारी तो निघायचा. काकू गेल्यापासून मुलगा घरी मुक्कामाला आला असेल तर तो असाच, फोनच्या निमित्तानं. एरवी त्याला सवड नसायची, आणि 'सवड काढ' म्हणायची काकांची जीभ रेटायची नाही.

तेव्हा काकांना नव्या मॉडेलची ओढ होती ती एवढ्यासाठी. मॉडेल आलं की मुलगा येणार.

काकांची उभी नोकरी पंपांच्या कारखान्यात गेली, सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये. सगळे त्यांना 'स्टोअरकाका' म्हणायचे, ते नाव तिथलंच. जाळीच्या खिडकीतून ते बेअरिंग, सील, नट-बोल्ट द्यायचे आणि त्या खिडकीपाशी दोन नियम चालायचे. नवं यंत्र दारात येण्याआधी त्याचे सुटे भाग फळीवर हजर पाहिजेत, हा पहिला. आणि जुना भाग जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही, हा दुसरा. मोडकं बेअरिंग हातात न घेता आलेल्या फिटरला ते तसाच परत धाडायचे, मग तो मोठ्या साहेबाचा भाचा का असेना. फिटर मागून शिव्या घालायचे आणि पुढच्या वेळी मुकाट्यानं मोडकं बेअरिंग घेऊन यायचे.

निवृत्त झाले म्हणून माणसाची खोड थोडीच निवृत्त होते! नवं मॉडेल येणार अशी कुणकुण लागली आणि काकांनी फळी भरायला घेतली. सकाळचा चहा झाला की ते फोनवर बातम्या वाचत बसायचे. अजून जन्माला न आलेल्या फोनबद्दल छातीठोक लिहिणारी माणसं जगात भरपूर आहेत, आणि काका त्या सगळ्यांना वाचत. बॅटरी मोठी असणार. अंगानं बारीक असणार. कॅमेरे मागच्या बाजूला आडव्या पट्टीत असणार. आणि खोक्यात चार्जर नसणार, नुसती केबल! हे वाचून काका एकटेच संतापले. "मोटार विकायची आणि चाक वेगळं घ्या म्हणायचं," असं ते समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

कोपऱ्यावर फोनच्या सामानाचं एक चिंचोळं दुकान होतं. भिंतभर कव्हरं टांगलेली, आणि मधल्या स्टुलावर दुकानाची मालकीण. तिला सगळे कव्हरवालीच म्हणत. काकांना बघितलं की ती हातातलं काम बाजूला ठेवायची, कारण असं गिऱ्हाईक तिला दुसरं नव्हतं.

"काय काका, आला का तुमचा फोन?"

"पुढच्या महिन्यात येतोय. जलद चार्जर दाखव. आणि लांब केबल. मुलाला पलंगावर पडून फोन बघायची सवय आहे, आखूड पुरत नाही."

तिनं दोन्ही काढून दिलं, मग जरा थांबून खालच्या खोक्यातून एक पाकीट वर घेतलं. "हे पण आलंय बघा. नव्या मॉडेलचं कव्हर."

"फोन यायच्या आधी?"

"कव्हरं आधीच येतात. बातम्यांत मापं येतात ना, त्यावरून करतात. बसलं तर बसलं, नाही तर कॅमेऱ्याचं भोक भलतीकडेच. परत घेणार नाही हां, आधीच सांगते. बाळाच्या आधी टोपडं शिवायचा प्रकार आहे हा."

काकांनी कव्हर उन्हात धरून पाहिलं. खिशातून पट्टी काढली आणि कॅमेऱ्याच्या जागेचं माप घेतलं. बातम्यांतल्या मापाशी जुळत होतं. त्यांचा चेहरा असा उजळला, की कव्हरवाली हसायला लागली. "काका, एवढी हौस मला माझ्या लग्नातही नव्हती."

घरी आल्यावर त्यांनी मुलाच्या खोलीतल्या फळीवर सगळं मांडलं. चार्जर, केबल, कव्हर आणि पडद्यावर बसवायची काच. खाली पलंगावर धुतलेली चादर घातली. मग दारात उभं राहून एकदा नजर टाकली. फळी भरली होती. आता फक्त यंत्र यायचं बाकी होतं.

काकांना मुलाशी बोलता येत नसे, हे इथे सांगून टाकायला हवं. प्रेम नव्हतं असं नाही, सवय नव्हती. इतकी वर्षं बोलायचं खातं काकूंकडे होतं. त्या तासभर बोलायच्या, शेवटी "घे, बाबांशी बोल" म्हणून फोन पुढे करायच्या, आणि काका विचारायचे, "बरा आहेस ना?" तो "हो" म्हणायचा. झालं! काकू गेल्यानंतरचे सुरुवातीचे फोन तर दोघांनी नुसतं घसा खाकरून काढले. मग एकदा काकांनी सहज विचारलं, "तुझ्या फोनची बॅटरी किती टिकते रे?" आणि मुलगा बोलायला लागला. चक्क बोलायला लागला! काकांना घबाड सापडल्यासारखं झालं. तेव्हापासून दर रविवारी ते विषय काढून तयार असायचे.

त्या रविवारीही होते. मॉडेलची तारीख जाहीर झाली होती. काकांनी वजनापासून सुरुवात केली, मग बॅटरी, मग चार्जर. मुलगा हसत होता. "बाबा, तुम्ही कंपनीत लागलात की काय?" या शाबासकीनं काकांना हुरूप आला, आणि हुरूपाच्या भरात त्यांनी सकाळीच वाचलेली ताजी बातमी सांगितली.

"आणि ऐक, या वेळी कंपनी जुना फोन जमा करून घेणार आहे. जुना दिला की नव्यावर चांगली सूट. आमच्या स्टोअरसारखंच! मी तेव्हापासून सांगतोय, हीच पद्धत बरोबर."

"काय सांगता! हे माहीतच नव्हतं मला," मुलगा म्हणाला. "भारीच झालं की. मग माझा जुना मी तिथेच देतो."

"दे ना, दे."

"खरंच, बाबा, तुम्ही ग्रेट आहात."

फोन ठेवल्यावर काका बराच वेळ खूश होते. आज दोघं पुष्कळ बोलले होते. त्यांनी चहाचा कप विसळायला घेतला आणि कप हातात असतानाच त्यांच्या लक्षात आलं. जुना फोन कंपनीकडे जाणार. म्हणजे तो त्यांच्याकडे येणार नाही. म्हणजे तो घेऊन कोणी येण्याचं कारणच उरलं नाही. आयुष्यभर ज्या नियमावर छाती काढून चालले, तोच नियम त्यांनी आपल्या हातानं मुलाला शिकवला होता. नळ तसाच वाहत राहिला.

पुढच्या रविवारी त्यांनी सारवासारव करून पाहिली. "अरे, मी काय म्हणतो, जुना कशाला द्यायचा उगाच? मला चालला असता."

"छे, छे! तेच तर ठरवलंय मी," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात इतका आनंद होता, की काकांना मध्ये बोलवेना. "तुम्ही किती दिवस माझे उतरलेले वापरणार? या वेळी तुम्हालाही कोरा. तुमचा स्वतःचा. बोलू नका आता काही."

मायेनं तोंड बंद केलं की माणसाला उघडता येत नाही. काकांनी "बरं" म्हटलं. तरी मनात एक धुगधुगी होती. कोरा फोन म्हणजे चालू करायला आणखी कठीण. कदाचित तोच घेऊन येईल. त्यांनी चादर काढली नाही.

फोन आला तो कुरिअरवाल्याच्या हातून. त्यानं सही घेतली, "अभिनंदन काका" म्हणाला आणि जिना उतरूनही गेला.

खोकं टेबलावर ठेवून काका समोर बसले. कंपनीचं सील आधीच फोडलेलं होतं. आत फोन होता, त्यावर काच बसवलेली होती, कव्हर घातलेलं होतं, बाजूला चार्जर, केबल, कानात घालायची बोंडं, सगळं नीट कप्प्यात. एकही वस्तू राहिली नव्हती. फोन दाबल्याबरोबर चालू झाला. आत सगळे नंबर होते. फोटोही होते, काकू हिरव्या शालीत हसत होत्या. कुठल्या केबलनं, कुठल्या टेबलावर ठेवून ते आत आले, कोण जाणे. हे सगळं आता परस्परच होत होतं. पोरगं बापावर गेलं होतं. यंत्र यायच्या आधी त्यानं सुट्या भागांची चोख व्यवस्था लावली होती.

काकांना रडू आलं. कोणी बघायला नव्हतं, म्हणून त्यांनी ते येऊ दिलं.

तेवढ्यात खिशातला जुना फोन वाजला.

"मिळाला?" मुलगा म्हणाला. "चालू झाला ना लगेच?"

"झाला."

"काही अडचण?"

इथे काकांना खोटं बोलता आलं असतं. पडदा काळा झालाय, कुलूप पडलंय, मला काही कळत नाही. आवाज जरा कापरा केला असता तर बेत जमलाही असता. पण खिडकीपाशी इतकी वर्षं त्यांनी चांगल्या भागाला मोडका म्हणू दिलं नव्हतं, ते आज स्वतःला कसं म्हणू देणार?

"नाही. सगळं चालतंय," ते म्हणाले. "उत्तम आहे फोन."

"मग आवाज असा का? आवडला नाही का? बाबा, मी मुद्दाम सगळं लावून पाठवलं. तुम्हाला फोनचं किती असतं, मला माहीत आहे. बोलायला घेतलं की फोनशिवाय दुसरं काही नसतंच तुमच्याकडे."

मुलाला हे असं वाटत होतं तर! आपण रविवारचे रविवार बोलणं अडकवायला खुंटी ठोकत राहिलो आणि त्याला वाटलं, बापाला खुंट्यांचंच वेड आहे.

"तू ये," काका म्हणाले.

"आता? काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"घरात काही बिघडलंय का?"

काकांनी घरभर नजर फिरवली. दिवे लागत होते. नळ बंद होता. फ्रिज घरघरत होता. सगळं जिथल्या तिथे आणि धडधाकट होतं. "काही बिघडलेलं नाही," ते म्हणाले.

"मग येऊन मी करू काय, बाबा?"

त्यानं हे तोडून विचारलं नाही. खरोखरच कळत नसल्यासारखं विचारलं. लहानपणी बापाबरोबर बसून काय बोलायचं असतं हे त्याला कोणी दाखवलं नव्हतं, आणि दाखवायचं काम ज्याचं होतं तो जाळीच्या खिडकीत बसलेला असायचा.

"मला माहीत नाही," काका म्हणाले. "खरंच माहीत नाही. पण मला करमत नाही रे. तू ये."

पलीकडून 'हो' आलं नाही. 'नाही'ही आलं नाही. मुलाचा श्वास तेवढा ऐकू येत होता, इतका स्वच्छ, की तो शेजारच्या खुर्चीत बसल्यासारखा वाटावा. काकांनी फोन कानाशी घट्ट धरला. दोघांनाही पुढे काय बोलायचं ते सुचत नव्हतं, आणि दोघांपैकी कोणीच फोन ठेवत नव्हतं.