घसरणारं चाक

कुंभार्ली घाटाच्या एका वळणावर गाडीने चाकं मोजायचं सोडलं आणि आतली माणसं मोजायला घेतली. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकला आणि मागच्या सीटवर सुलक्षणाचा उजवा पाय जागच्या जागी धरला गेला.

चिपळूणहून चौघं निघाले होते. नवरा श्रीरंग गाडी चालवत होता, शेजारी सासरे आबा होते, मागे सुलक्षणाजवळ सासूबाई. त्यांना घरात सगळे अक्का म्हणत. कराडच्या हॉस्पिटलात सुलक्षणाची आई शेवटच्या घटका मोजत होती. भावाचा फोन सकाळीच आला होता, पण अक्कांची पूजा आणि आबांचं जेवण होईपर्यंत दुपार झाली.

"अहो, माझा पाय हलत नाही," सुलक्षणा म्हणाली.

श्रीरंगने आरशात पाहिलं. "नाहीच हलणार. रस्ता ओला आहे. एक चाक बाकीच्या तिन्हींपेक्षा जोरात फिरायला लागलं की ते घसरतंय, असं गाडी समजते. मग तेवढ्याच चाकाला आपणहून ब्रेक लावते. तू जोरात फिरतेयस."

"मी तर नुसती बसलेय."

"आतून फिरतेयस."

ते खरंच होतं. घरातून निघाल्यापासून तिचं काळीज पुढे धावत होतं, केव्हाच आईच्या कॉटपाशी जाऊन पोचलं होतं. बाकी तिघं निवांत होते. आबा पेंगत होते. अक्का मोसंबं सोलत होत्या.

गाडी झटक्याझटक्याने ब्रेक लावत राहिली. दुसरा पाय थांबला, मग कंबर. श्वास अर्धा आला की गाडी तो धरायची, सोडायची, परत धरायची. श्रीरंगने अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवला होता, पण इंजिनानेच जोर काढून घेतला. घसरणाऱ्या चाकासाठी ते ताकद वाया घालवत नाही. जांभ्या दगडाने भरलेला एक ट्रक त्यांना सहज मागे टाकून गेला.

"हे बंद करायचं बटण असतं ना?"

"ते चिखलात रुतल्यावर. घाटात बंद करत नसतात."

"मग तुम्हीच जरा घाई करा. तिघंही. चौघं सारखे झालो की ती मला सोडेल. अक्का, माझ्या आईची थोडी काळजी करा हो. घाट संपेपर्यंतच."

अक्कांनी प्रयत्न केला. फोड हातात धरून त्या डोळे मिटून बसल्या. "नाही गं जमत," शेवटी त्या म्हणाल्या. "मला तिचा चेहराही आठवत नाही. तूच आमच्यासारखी हो. ते सोपं आहे."

"फार सोपं आहे," आबा डोळे न उघडता म्हणाले.

दुसरा इलाज नव्हता. गाडी अशीच रांगत राहिली तर आई जिवंत सापडली नसती. सुलक्षणाने आधी आईचा आवाज विसरून पाहिला. श्वास पुरता आत आला. मग आईचे हात विसरली, हळदीने पिवळी पडलेली नखं विसरली, तशी कंबर सुटली. लहानपणी तापात कपाळावर पट्ट्या ठेवत बसलेली बाई विसरायला वेळ लागला; ती गेली तेव्हा दोन्ही पाय सुटले, दिवा विझला आणि गाडीने चढावर वेग घेतला.

"शहाणी माझी," श्रीरंग म्हणाला.

अक्कांनी तिला फोड दिली. तिने ती चवीने खाल्ली.

घाटमाथ्यावर धुकं होतं. त्यातून एक म्हातारी समोरून चालत आली. अंगात हॉस्पिटलचा हिरवा झगा, पाय अनवाणी, मनगटावर सुईची चिकटपट्टी. श्रीरंगने वेग कमी केला. म्हातारी एकेका खिडकीत डोकावत सुलक्षणापाशी आली. तिथे तिचा चेहरा उजळला आणि अर्ध्या उघड्या काचेवर तिने बोटं ठेवली.

"कोण गं?" अक्कांनी विचारलं.

सुलक्षणाने नीट निरखून पाहिलं. "ओळखीची नाही."

"काच घे वर," आबा म्हणाले. "गार वारा येतोय."

सुलक्षणाने बटण दाबलं. काच बोटांपर्यंत चढली आणि त्यांना दाबून थांबली. म्हातारी ओरडली नाही. बोटं काचेत अडकलेली तशीच ती वळली, गाडीच्या बरोबरीने पळायला लागली, आणि श्रीरंगने गिअर बदलला.