उलट्या लवीची हिरवी मखमल

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कागद कापायची नव्हे, नखे कापायची तर मुळीच नव्हे. मी शिंप्याची कात्री आहे, वीतभर पात्यांची, हातात घेताच मनगटाला माझे वजन कळेल अशी. तुमच्यापैकी जे नुकतेच शिक्षण संपवून कामाला लागले आहेत, किंवा काम शोधत दारे ठोठावत आहेत, त्यांच्याशी दोन शब्द बोलावे म्हणून आज तोंड उघडते आहे. एरवी माझे तोंड उघडले की काही ना काही कापले जाते. आज कोणी घाबरू नये.

माझा जन्म भट्टीतला. एका कारागिराने माझी पाती ठोकताना त्यांना किंचित बाक दिला. वरवर पाहता ती सरळ वाटतात, पण मिटून उजेडासमोर धरलीत तर मधली बारीक फट दिसेल. पाती पूर्ण चिकटली तर कात्री अडते. त्या बाकामुळे ती फक्त जिथे कापायचे तेवढ्याच ठिकाणी एकमेकांना भेटतात. त्या कारागिराचा चेहरा मला आठवत नाही. त्यानेही मला दोन दिवसांत विसरून टाकले असेल. पण साठ वर्षे मी त्याच्या त्या चार ठोक्यांवर जगते आहे, आणि अजूनही मनातून त्याला नमस्कार करते.

मला विकत घेतले तेव्हा आमचे मास्तर मास्तर नव्हते. बाविशीचा एक शिडशिडीत तरुण होता, शिवणकामाच्या दुकानात नुकताच लागलेला. मला वाटले, आता रेशीम, लोकर, झालेच तर लग्नाचे कोट! कसले काय. पहिला महिनाभर त्याने माझ्याकडून जुन्या चादरी कापून घेतल्या. सरळ रेघ, गोल रेघ, पुन्हा सरळ रेघ. मी आपली नाक मुरडत होते. महिन्याने खरे कापड समोर आले तेव्हा त्याचा हात थरथरला नाही, आणि मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्याच वर्षी त्याच्या हातून एक चूक झाली. बाह्या कापताना कागदी नमुना दुसऱ्या बाहीसाठी उलटा करून ठेवायचा राहून गेला आणि एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या गेल्या. कापड उरले नव्हते. त्याने कोणालाही सांगितले नाही. ओढूनताणून बाही बसवली, वरून इस्त्री फिरवली आणि कोट देऊन टाकला. गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या रस्त्यावरचे एक घड्याळजी. त्यांनी भांडण केले नाही, तक्रार केली नाही. फक्त पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. त्यांचे दुकान मास्तरांच्या घरच्या वाटेवरच होते. त्या दिवसापासून मास्तर मागच्या गल्लीने, लांबचा वळसा घालून घरी जाऊ लागले. ते रोज मला कापडात गुंडाळून घरी नेत, म्हणून मला ठाऊक. पुढे त्यांचे स्वतःचे दुकान झाले, केस पांढरे झाले, पण वळसा काही सुटला नाही.

बाकी ती वर्षे सुखाची होती. लोक लांबून कटिंगसाठी येत. "मास्तरांचा हात लागला की झालं," असे म्हणत, आणि मी उगाच भाव खात असे, कारण हाताइतकीच मीही लागत होते. अधूनमधून सायकलवर धारवाला येई. धार लावणे म्हणजे काय, तर अंग घासून थोडे कमी करणे. पहिल्यांदा ठिणग्या उडाल्या तेव्हा मला वाटले, संपले सगळे. पण घरी परतल्यावर कापड माझ्यापुढे असे सरकू लागले की मला माझेच नवल वाटले. पुढे मी त्या धारवाल्याची वाट बघायला शिकले. कामाच्या ठिकाणी तुमचे कोणी कान उपटले आणि घरी येऊन रडावेसे वाटले, तर रडून घ्या आणि मग मला आठवा.

मास्तरांचे दोन नियम होते. मला कागदाला लावायचे नाही, कारण त्याने धार बोथट होते, हा पहिला. माझ्या पात्यांना जोडणारा स्क्रू त्यांनी आपल्या हाताला बसेल असा आवळला होता. त्याला कोणी हात लावायचा नाही, हा दुसरा. एकदा इस्त्रीवाल्याने माझ्या पात्याने पाकीट उघडले, तर मास्तर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

मग दुकानात टाचणी आली. काम करताना ओठांत टाचण्या धरायची तिला सवय, त्यामुळे बोलणे कमी, म्हणून ती टाचणी. खरे नाव दुकानात कोणी घेतच नसे. तिची आत्या आमच्याकडे काज-बटण करायची, तिनेच भाचीला आणले होते. मुलगी एकविशीची, शिवणाचा कोर्स करून आलेली, पण तिला शिवायचे नव्हते, कापायचे होते. दोन वर्षे ती मास्तरांच्या शेजारी उभी राहून डोळ्यांत तेल घालून बघत होती. घरी मात्र वडिलांचा धीर सुटत चालला होता. मामाच्या ऑफिसात एक जागा रिकामी होती. "या महिन्याअखेर तुझं स्वतःचं टेबल झालं तर ठीक," ते म्हणाले होते, "नाहीतर एक तारखेपासून मामाकडे."

आणि नेमका त्याच महिन्यात मास्तरांच्या डोळ्याला पडदा आला. ऑपरेशन ठरले. जाताना त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "महिनाभर हे टेबल तुझं. आल्यावर बघू काय काय कापलंयस. जमलं असेल तर पुढेही तुझंच."

पहिले दोन आठवडे छान गेले. तिसऱ्यात एक गाणाऱ्या बाई आल्या. त्याही तरुणच, पंधरा दिवसांनी त्यांचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम होता. भावाने परगावाहून गडद हिरवी मखमल पाठवली होती. गुडघ्यापर्यंत लांब कोट हवा होता. "जपून हं," त्या म्हणाल्या, "एवढीच आहे. तिकडंही संपली."

टाचणीने कापड टेबलावर पसरले. तिला कापड वाचवायचे होते, मास्तरांना दाखवायचे होते की बघा, केवढे उरवले. म्हणून तिने सुती कापडावर करतात तसे केले. डावे भाग एका दिशेने मांडले, उजवे उलट्या दिशेने. मांडणी इतकी चपखल बसली की ती स्वतःशीच हसली, आणि तिने मला उचलले.

मित्रांनो, मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर ती मऊ लागते, उलट फिरवला तर टोचते. लव उलटली की त्याच कापडाचा रंग वेगळा दिसतो. डावे दोन भाग सुरेख कापले गेले. उजवे कापताना पात्याला काहीतरी वेगळे लागले. मला कळत होते. पण तिचा हात चालत होता, आणि मला थांबवता येत नाही, हे माझे जन्माचे दुखणे आहे.

चार भाग कापून तिने ते खिडकीशी नेऊन शेजारी शेजारी धरले. डावी बाजू गडद हिरवी, उजवी राखट, रंग उडालेली.  तिच्या ओठांतली एक टाचणी जमिनीवर पडली, तिचा आवाज ऐकू आला.

आत्या उठून आली. कापड बघितले, आणि मायेने हळूच म्हणाली, "अगं, दिव्यांच्या उजेडात कोणाला कळतंय? शिवून टाक. विचारलंच तर सांग, कापडच तसं आलं होतं. टेबल हातचं जाईल, बाई."

 बाह्या अजून कापायच्या होत्या, खडूच्या रेघा मारून तयार होत्या. टाचणीने मला पुन्हा उचलले, पाती उघडली. माझा जीव टांगणीला लागला. मग तिने पाती मिटली, मखमल काखोटीला मारली आणि तशीच दुकानाबाहेर पडली. मला खाली ठेवायचे ती विसरली होती. रस्त्यात लोक बाजूला सरकत होते. रडवेली मुलगी हातभर कात्री घेऊन निघाली म्हटल्यावर सरकणारच.

मास्तर घरी एका डोळ्यावर पट्टी बांधून बसले होते. तिने सगळे सांगितले. कापड वाचवायच्या नादात झाले हेही सांगितले, आत्याने काय सुचवले ते मात्र सांगितले नाही. मास्तरांनी बोटांनी लव चाचपली. 

"कळल्यावर पुढे काय कापलंस?"

"काही नाही. तिथंच थांबले."

"मग अजून काय शाबूत आहे?"

"बाह्यांचं कापड. आणि... वाचवलेला तुकडा."

मास्तरांनी मान हलवली. मग जे बोलले ते मी चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. "पोरी, मी एकदा दोन डाव्या बाह्या कापल्या होत्या. सांगितलं नाही. त्या एका माणसासाठी मी आजवर मागच्या गल्लीनं घरी येतोय. तू उद्या त्या बाईंना स्वतःच्या तोंडानं सांग. घरी सरळ रस्त्यानं जाता आलं पाहिजे माणसाला."

दुसऱ्या दिवशी गाणाऱ्या बाई आल्या. टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या, तेव्हाच मी ओळखले की हिला आता बोलायचे आहे. "ताई, माझ्या हातून चूक झालीय," ती म्हणाली आणि चारही भाग समोर मांडले. बाई संतापल्या. भावाचे नाव घेऊन डोळ्यांत पाणी आणले. टाचणीने सगळे ऐकून घेतले, मान खाली घातली नाही. मग रात्रभर डोक्यात घोळवलेले सांगितले. कोट लांब होणार नाही. पण कमरेइतका झाला तर डाव्या भागांचा खालचा घेर रुंद आहे, त्यातून उजवी बाजू निघेल, आणि लव सगळीकडे एकाच दिशेला राहील. बाह्यांना कापड आहेच, आणि वाचवलेल्या तुकड्यातून कॉलर निघेल.

बाईंनी मखमलीवरून एकदा हात फिरवला. "मला लांबच हवा होता," त्या म्हणाल्या. "पण सांगितलंस ते बरं केलंस. कर."

त्या दिवशी टाचणीने कापायला सकाळची दुपार केली. प्रत्येक भागावर आधी तळहात फिरवला, खडूने लवीच्या दिशेचे बाण काढले, मगच मला लावले. कोट चांगला झाला. बाईंनी तो घालून आरशात पुन्हा पुन्हा वळून पाहिले, तरी निघताना म्हणाल्याच, "लांब असता तर आणखी छान दिसला असता." पुढच्या वर्षी मात्र त्या दुसरे कापड घेऊन आल्या, आणि थेट टाचणीपुढे ठेवले.

महिनाअखेर मास्तर परतले. नव्या डोळ्याने त्यांनी सगळे काम तपासले. टाचणी भिंतीला टेकून उभी होती. दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. मास्तरांनी खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तिच्या हातात दिला. "हिचा स्क्रू माझ्या हाताला बसवलाय. तुझं मनगट बारीक आहे. तुला हवा तसा सैल कर."

आत्याने पदराने डोळे पुसले. टाचणीने स्क्रू जेमतेम पाव फेरा फिरवला. चाळीस वर्षांनी मला मोकळा श्वास घेतल्यासारखे वाटले.

संध्याकाळी ती मास्तरांना सोडायला निघाली. मीही होते, गुंडाळलेली. सवयीने मास्तर मागच्या गल्लीकडे वळले, आणि थबकले. तिच्याकडे एकदा बघितले. मग वळून पुढच्या रस्त्याने चालू लागले.

घड्याळजी दुकानातच होते, पार वाकलेले, डोळ्याला भिंग लावून. मास्तर दारात उभे राहिले. म्हणाले, "तुमच्या कोटाच्या दोन्ही बाह्या मी डाव्या कापल्या होत्या. सांगायचं राहिलं."

घड्याळजींनी भिंग काढले. "तो होय? बारा वर्षं घातला की मी तो. उजवा हात वर जात नव्हता, पण घड्याळं दुरुस्त करणारा माणूस हात वर करतो कशाला?" मग भिंग पुसत म्हणाले, "तुम्ही मला बघून रस्ता बदललात तेव्हा मला वाटलं, माझंच काही चुकलं. म्हणून आलो नाही पुन्हा."

मास्तर तिथल्या स्टुलावर मटकन बसले. टाचणीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मित्रांनो, त्याला आता किती वर्षे झाली. मास्तर गेले, घड्याळजीही गेले. दुकानात विजेवर चालणारी कात्री आली आणि मी काही काळ खणात गंजत पडले, सुटी बटणे आणि तुटक्या सुयांच्या संगतीत. पण टाचणीमास्तर मला विसरल्या नाहीत. त्यांनी मला घासले, तेलाचा थेंब दिला, आणि आता नवा माणूस दुकानात आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात मी आणि समोर जुनी चादर. टेबलामागच्या भिंतीवर त्या वाया गेलेल्या उजव्या बाजूचे दोन हिरवे तुकडे लावले आहेत, एक सुलटा, एक उलटा. "ही दोन कापडं की एक?" असे त्या विचारतात. नवा माणूस हमखास चुकतो. मग त्या स्वतःची गोष्ट सांगतात, काहीही न लपवता.

गेल्या आठवड्यात एक नवा कारागीर दुपारी त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. पंचविशीचा, चष्मेवाला, हातात कापड, चेहरा पांढराफटक. "मास्तर, जरा चुकलंय."

टाचणीमास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. "थांबलास ना? बस. अजून काय शाबूत आहे, ते बघू."

मी खिळ्यावरून ऐकत होते. मला इतके बरे वाटले की काय सांगू. ज्यांनी मला ठोकले, घासले, वापरले, आणि एका दिवशी वेळेवर मिटले, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. मुलांनो, तुमच्या हाती जे काही हत्यार येईल, ते पुसून, तेल देऊन ठेवा. कागदाला लावू नका. आणि चूक झालीच, तर तिथेच थांबा, जाऊन सांगा, आणि संध्याकाळी पुढच्या रस्त्याने घरी जा.