पाकटाचा पुरावा

फ्रान्समधल्या आमच्या ब्रेतान्यच्या बंदरात कायद्याला घाबरणारा मच्छीमार एकच, आणि नेमका तोच माझ्या नशिबी आला. पाकट नावाचा नागमोडी नक्षीचा चपटा मासा साऱ्या युरोपात दुर्मीळ झाला म्हणून तो धरायला बंदी आली. तेव्हापासून माझा नवरा गोल्वेन जाळ्यात आलेलं प्रत्येक पाकट अलगद उचलून पाण्यात सोडायचा. जाळ्यात तर दुसरं काही यायचंच नाही. पण बंदरावर एकही उतरत नाही म्हटल्यावर ब्रसेल्समधल्या शहाण्यांच्या आलेखातली रेघ शून्याला टेकली आणि मासा संपल्याची त्यांची खात्री पटली. बंदी वाढत गेली.

माझा धाकटा भाऊ तांगी तीच पाकटं धरायचा, सोलायचा आणि दुसऱ्या जातीच्या नावावर खपवायचा. सोलल्यावर कोण ओळखतंय! एकदा मात्र सोलण्याआधीच सापडला. पंचनामा झाला, होडी महिनाभर धक्क्याला बांधून ठेवली. गोल्वेनने त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं.

यंदा मासा अजून आहे असं त्यांना पटलं आणि बंदी उठली. सरकार ठरवून देतं तो पाकटाचा वाटा मिळाला तर आमची होडी तरणार होती, नाहीतर मोडीत जाणार होती. वाटा नेहमीप्रमाणे मागल्या वर्षांच्या नोंदी बघून ठरला. सात वर्षांच्या दप्तरात हे पाकट एकाच होडीच्या नावावर सापडलं: तांगीच्या, त्या पंचनाम्यात. सगळा वाटा त्याला मिळाला.

गोल्वेन मच्छीमारी खात्याच्या कचेरीत गेला, मीही मागोमाग गेले. आपण रोज धरत होतो आणि सोडत होतो, हे तो साहेबांना परोपरीने सांगत होता. सोडलेल्या माशाची नोंद नसते, असं साहेब म्हणाले. शेवटी माझा हा देवमाणूस खाली मान घालून म्हणाला,

"मग मीही चोरी केली होती, असं लिहून देतो."

साहेबांना खरंच वाईट वाटलं असावं.

"आता काय उपयोग? तेव्हाच पकडले जायला हवे होतात तुम्ही."

होडी मोडीत गेली. तांगी मनाने वाईट नाही. "दाजी, माझ्या होडीवर या," म्हणाला, आणि गोल्वेन गेला.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी तांगी तणतणत घरी आला.

"ताई, ह्यांनी आज अकरा पाकटं समुद्रात सोडली. ओरडलो, तर म्हणतात, हात ऐकत नाहीत."

मला हसू फुटलं. मग गोल्वेनकडे पाहिलं. तो दोन्ही हात टेबलाखाली धरून बसला होता.