घंटीचा दिवा

हेमलताला, म्हणजे माझ्या बायकोला, दारावरची घंटी ऐकू येईनाशी झाली आणि माझ्यातला फॅक्टरीतला निवृत्त चार्जमन जागा झाला. तो झोपलेलाच बरा होता.

झालं असं, नागपूरहून आलेली आमची लेक पद्मजा भर उन्हात पाऊण तास दाराबाहेर उभी राहिली. आई आत स्वयंपाकघरात, मी नेपियर टाउनला चष्मा आणायला गेलेलो. परतलो तेव्हा पोरीचा चेहरा लालबुंद आणि आईचा रडवेला.

"बाजारातून काही आणायचं नाही," मी जाहीर केलं. "घंटी दाबली की स्वयंपाकघरात दिवा लागेल, असा सर्किट बोर्ड मीच बनवतो. आठ दिवसांत!"

आठ दिवस बोर्डाचा नकाशा काढायचं सॉफ्टवेअर निवडण्यातच गेले. मग महिना गेला. एकात चौदा थर काढता येत. मला एकच हवा होता, पण सोय सोडवेना. दुसऱ्यात बोर्ड गोल फिरवून बघता येई. तो मी दोन दिवस फिरवला.

"बाबा, काय करून राहिले?" पद्मजा फोनवर विचारायची.

"तुलना करून राहिलो."

"काहून? एक दिवा तर लावायचा आहे!"

शेवटी जे फुकट होतं तेच घेतलं. कोपऱ्यात ठळक 'हेमलता' लिहिलं. बोर्ड छापून देणाऱ्या कंपनीला पाठवायची फाइल काढताना सॉफ्टवेअरनं विचारलं, मिरर करू? फॅक्टरीत आम्ही जन्मभर नकाशा तांब्याच्या बाजूनं, म्हणजे उलटाच काढलेला. मी ऐटीत होय म्हटलं. भागांचे पाय घालायच्या भोकांची फाइल काढताना त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा होय.

तिसऱ्या महिन्यात पाच हिरवेगार बोर्ड आले. पाचही उलटे. बायकोचं नाव आरशात धरून वाचावं लागलं. स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या. मग सुचलं, सगळे भाग मागच्या बाजूनं बसवले तर पाय जुळतात. तसे बसवले, हेमलताला स्वयंपाकघरात पाठवलं आणि बाहेर जाऊन बटण दाबलं.

दार लगेच उघडलं. "लागला जी दिवा!" ती हसत म्हणाली आणि दाराजवळची खुर्ची उचलून आत नेऊ लागली.

"हे काहून?"

"आता इथं कायले बसू? कोणी आलं तर दिसावं म्हणून बसत होती मी."

मला वाटायचं, तिला दारातली हवा आवडते. तीन महिने ती त्या खुर्चीत बसून भाजी निवडत होती. मी समोरच सॉफ्टवेअर निवडत होतो.