वच्छलाबाईच्या घरचा ड्रायर

मी केस वाळवायचा एक जुना ड्रायर आहे, मित्रांनो. सावद्यासारख्या गावात, जिथे उन्हाळ्यात गच्चीवर घातलेले पापड बघता बघता कडकडीत होतात, तिथे माझी गरज कोणाला पडावी, असं तुम्ही विचाराल. मी आलो तेव्हा गल्लीतल्या बऱ्याच जणांनी हाच प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मी आज सांगतो.

माझा जन्म एका लांबच्या शहरातल्या छोट्या कारखान्यात झाला. एका हातानं माझ्या पोटात मोटर बसवली, दुसऱ्यानं अभ्रकाच्या पत्र्यावर तार गुंडाळली, तिसऱ्यानं फिकट गुलाबी प्लास्टिकचे दोन भाग एकमेकांवर ठेवून स्क्रू आवळले. मग मला क्षणभर चालवून पाहिलं आणि खोक्यात घातलं. खोक्यावर मोकळ्या केसांच्या एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. आपण अशाच कोणाच्या तरी घरी जाणार, असं मला वाटत होतं.

जळगावच्या बाजारात गनीभाईंचं दुकान होतं. कंगवे, पिना, रोलर, कुरळे केस करायच्या सळया आणि आम्ही काही ड्रायर, अशी तिथे गर्दी होती. सुकदेव तिथे आला तो हिवाळ्याच्या तोंडावर. सावद्याच्या स्टेशनवर केळीचे घड मालगाडीत भरणाऱ्या टोळीचा तो मुकादम होता. अंगानं धिप्पाड, खांद्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला टॉवेल. बराच वेळ तो दुकानातून बाहेर गेल्यासारखं करी आणि पुन्हा आत येई. शेवटी त्यानं केस सुकवायचं मशीन दाखवा म्हणून सांगितलं.

गनीभाईंनी तिघांना काउंटरवर मांडलं. पहिला चकचकीत पत्र्याचा होता, जोरदार पण जड. दुसऱ्याच्या खोक्यात कुरळे करायची सळी, ब्रश आणि आणखी कायकाय भरलेलं होतं. तिसरा मी. सुकदेवची नजर दुसऱ्यावर खिळली होती.

गनीभाईंनी विचारलं, केस कुरळे करायचे की नुसते सुकवायचे? किती लांब आहेत? आणि बाई स्वतः धरतील ना मशीन?

सुकदेवनं गुडघ्याच्या खाली हात नेऊन लांबी दाखवली. मग खाली बघत म्हणाला, "ती नाही धरू शकत. मी धरीन."

गनीभाई हसले नाहीत. त्यांनी दुसरा ड्रायर उचलून मागे ठेवला. म्हणाले, "मग खोक्यावरच्या मॅडमकडे बघू नका, भाऊ. आपल्या मनगटाकडे बघा."

त्यांनी सुकदेवच्या एका हातात पत्र्याचा ड्रायर दिला आणि दुसऱ्या हातात कंगवा. तसंच थोडा वेळ उभं राहायला सांगितलं. घड उचलणारा तो हात, पण एका जागी उचलून धरायचा म्हणजे वेगळं काम. पत्र्याचा ड्रायर हळूहळू खाली झुकायला लागला. मग त्यांनी मला दिलं. मी हलका होतो. माझी वायरही लांब होती. गनीभाईंनी मला चालू करून सुकदेवच्या मनगटाच्या आतल्या बाजूला हवा सोडली. तिथे जी ऊब सोसते तीच डोक्याला सोसते, त्याहून जास्त नको, असं त्यांनी बजावलं. रुंद दातांचा एक कंगवाही दिला. गोल, टोकदार केसांचा ब्रश घेऊ नका म्हणाले, पण सुकदेवला तो फार आवडला, म्हणून त्यानं तोही घेतला.

अशी माझी निवड झाली.

आता वच्छलाबाईबद्दल सांगतो. सुकदेवची ही बायको गल्लीत बोलण्यासाठी प्रसिद्ध होती. भाजीवाल्यापासून वरातीतल्या पाहुण्यांपर्यंत तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात निकामी झाला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर ती प्रयत्नपूर्वक बोलत असे. एकदा भेटायला आलेल्या एका बाईनं तिचं बोलणं ऐकून घेतलं आणि सुकदेवकडे वळून विचारलं, "काय म्हणते ही?" जणू वच्छलाबाई तिथे नव्हतीच. त्या दिवसापासून तिनं बोलणं सोडलं. अंगणात येऊन बसणंही सोडलं. मधल्या खोलीत, जिथे ऊन कधी पोचत नाही, तिथे ती भिंतीला टेकून बसून राहू लागली.

तिचे केस मात्र पूर्वीसारखेच होते, जाड आणि लांब. सुकदेवची थोरली बहीण ताईबाई, जिला घरात अक्का म्हणत, दोन गल्ल्या सोडून राहायची. ती येऊन वच्छलाबाईला न्हाऊ घालायची. पण त्या खोलीत केस संध्याकाळपर्यंत ओले राहत. उशी ओली व्हायची, डोक्याला कुबट वास यायचा, खोकला धरायचा. ताईबाईचे स्वतःचे हातही सांधेदुखीनं आखडलेले. केस मानेपर्यंत कापून टाकू, असं ती म्हणायला लागली. सवाष्णीचे केस कापणं तिलाही बरं वाटत नव्हतं, पण तिचा इलाज चालत नव्हता. वच्छलाबाई मान हलवून नाही म्हणायची आणि डावा हात वेणीवर ठेवायची. म्हणून सुकदेव जळगावला आला होता.

पहिल्याच दिवशी माझ्याकडून घात झाला, मित्रांनो. सुकदेवनं ओल्या केसांची एक बट त्या सुंदर गोल ब्रशाला गुंडाळली. ब्रश अडकला, मागेही येईना, पुढेही जाईना. तो घाबरला. ब्रश सोडवायला त्यानं मला घाईनं दुसरीकडे वळवलं, आणि माझी पाठ केसांकडे झाली. माझ्या पाठीला जाळी आहे. तिथून मी हवा आत ओढतो. त्या हवेबरोबर मी वच्छलाबाईचे केसही ओढले. मोटर घरघरली, करपल्याचा वास आला. सुकदेवनं बटण बंद केलं तेव्हा माझ्या पोटात तिचे केस घट्ट गुंडाळले गेले होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून आवाज निघत नव्हता.

ताईबाईनं कात्री आणली. माझ्या जाळीजवळून ती बट कापली, ब्रशाजवळून दुसरी कापली. मग कात्री तशीच हातात धरून म्हणाली, "आता राहिलेलेबी आजच कापून टाकू. कायले जिवाचे हाल करतो तिच्या?"

 सुकदेवनं मला खोक्यात घातलं. तो वच्छलाबाईच्या समोर बसला आणि खाली मान घालून म्हणाला, की अक्का म्हणते तेच बरोबर असंल.

वच्छलाबाईनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. तोंड हललं, पुन्हा हललं. किती दिवसांनी तिच्या तोंडून शब्द निघाला.

"शिका," ती म्हणाली.

एवढंच. ताईबाईनं कात्री ठेवून दिली.

शेजारी सितारा राहायची. लग्नसराईत ती नवऱ्या मुलींचे केस घरच्या घरी बांधून द्यायची. सुकदेव तिच्या दारात जाऊन उभा राहिला. बायकोच्या केसांबद्दल परक्या बाईला विचारायचं म्हणजे त्याच्या कपाळाला घाम आला असणार. सितारानं मात्र आढेवेढे घेतले नाहीत. ती आली, सुकदेवच्या शेजारी उभी राहिली आणि एकेक गोष्ट दाखवत गेली. न्हाण्याच्या आधी गुंता सोडवायचा. कंगवा टोकापासून सुरू करून हळूहळू वर जायचं, वरून खाली ओढायचं नाही. न्हायल्यावर केस पंचानं घासायचे नाहीत, दाबून टिपायचे. मग मला हातभर लांब धरायचं, सतत हलतं ठेवायचं, आणि माझी पाठ कायम केसांपासून दूर. गोल ब्रश तिनं बाजूला ठेवायला लावला. म्हणाली, हा छोट्या केसांना ठीक, भाभींच्या केसांना नाही. अशा केसांना रुंद कंगवा आणि मंद हवा एवढंच पुरतं.

सुकदेव शिकला. सुरुवातीला त्याची वेणी दोरखंडासारखी एका बाजूला पीळ खायची. हळूहळू ती सरळ झाली.

ही गोष्ट स्टेशनवर पोचायला वेळ लागला नाही. केळी भरताना टोळीतल्या लोकांनी त्याला 'वेणीवाला' म्हणायला सुरुवात केली. हे मला कळलं, कारण मला बंद करून वेणी घालताना सुकदेव वच्छलाबाईला सगळं सांगायचा. त्यानं त्यांना काय उत्तर दिलं तेही सांगितलं. "मी म्हटलं, माही दाढी मीच करतो, तिची वेणीबी मीच घालतो. दोन्ही घरचीच कामं आहेत." ते ऐकून वच्छलाबाईच्या तोंडाची एक बाजू हसली.

आता जे सांगणार आहे, ते त्या घरात आधी फक्त मला माहीत होतं.

माझा आवाज मोठा आहे. मी कानाशी सुरू असलो की खोलीतलं दुसरं काही ऐकू येत नाही. हिवाळ्यातल्या एका सकाळी माझ्या घोंघाटाखाली मला एक बारीक आवाज जाणवला. वच्छलाबाई बोलत होती. आधी नुसते शब्द. मीठ. कोयता. सावदा. सितारा. तेच तेच शब्द, जीभ वळेपर्यंत. काही दिवसांनी दोन शब्द जोडून. मग चार. ऐकायला कोणी नाही, कोणी दुसऱ्याकडे वळून 'काय म्हणते ही?' असं विचारणार नाही, याची तिला खात्री होती. मी बंद झालो की तीही गप्प होई.

सुकदेवला शब्द ऐकू येत नव्हते. पण तिची बट धरताना त्याची बोटं तिच्या कानशिलावर असत. बोलताना हलावं तसं कानशील हलतंय हे त्या बोटांना एक दिवस कळलं. त्यानं खाली वाकून पाहिलं नाही, मला बंदही केलं नाही. नंतर मात्र एक फरक पडला. केस सुकले तरी तो मला चालू ठेवायला लागला. ताईबाई दारातून ओरडायची की झाले की सुकून, कायले लाइट जाळतो. तो मान हलवायचा आणि आणखी थोडं म्हणून कोरड्या केसांवरून मला फिरवत राहायचा. माझं अंग तापायचं, पण मी कुरकुर केली नाही. मी आता केस वाळवत नव्हतो. मी फक्त आवाज करत होतो, आणि त्या आवाजाच्या आडोशाला एक बाई बोलायला शिकत होती.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. ताईबाई डब्यात काहीतरी घेऊन आली आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली. मी चालू होतो. वच्छलाबाईनं तिला पाहिलं आणि नेहमीप्रमाणे माझ्या आवाजाखाली बोलायला लागली.

तेवढ्यात लाइट गेली. आमच्याकडे ती केव्हाही जायची. मी एकदम गप्प झालो, पण वच्छलाबाईचं वाक्य निम्म्यावर आलं होतं, ते थांबलं नाही.

"...उभं कायले ठेवलं अक्काले, बसू तर द्या, चहा टाका."

शब्द जड होते, शेवट थोडे गळत होते, पण सगळे समजले.  वच्छलाबाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं डावा हात तोंडावर नेला. सुकदेव तिच्या मागे उभा होता, एका हातात मी, दुसऱ्या हातात तिचे केस.

ताईबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती आत आली, वच्छलाबाईच्या समोर मांडी घालून बसली आणि तिलाच विचारलं, "साखर किती टाकायला सांगू?"

वच्छलाबाईनं तोंडावरचा हात हळूहळू खाली घेतला. ती बोलायला लागली. साखरेबद्दल बोलली, मग ताईबाईच्या गुडघ्यांबद्दल विचारलं. काही शब्द ताईबाईला कळले नाहीत, तर तिनं पुन्हा विचारले, आणि वच्छलाबाईनं पुन्हा सांगितले. सुकदेव चहा ठेवायला गेलाच नाही. तो तसाच उभा राहिला.

मग लाइट आली. माझं बटण चालूच राहिलं होतं. मी पुन्हा पूर्ण जोरानं घोंघावू लागलो. वच्छलाबाईनं मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणाली,

"बंद करा ते. मले बोलू द्या."

सुकदेवनं मला बंद केलं.

त्यानंतर ती अंगणात बसायला लागली. केस उन्हात सुकू लागले. मी पावसाळ्यात, क्वचित थंडीत बाहेर निघायचो. पुढे माझी वायर कडक झाली, जाळीवर धूळ बसली. आता बरीच वर्षं मी खोक्यात नुसताच पडून आहे. कधी कधी वाईट वाटतं. पण अंगणातून वच्छलाबाईच्या बोलण्याचा आवाज आत येतो, आणि माझ्या जागी तो आहे हे मला माहीत आहे.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र घरी आणलंत तर माझी जाळी साफ ठेवा, वायर ओढू नका, आणि ओल्या हातानं मला धरू नका. एवढी काळजी घेतलीत की मी खूप वर्षं साथ देईन. पण घरात कोणी हळू बोलत असेल, अडखळत बोलत असेल, तर माझी वाट पाहू नका. त्याच्यासमोर बसा, आणि जे समजलं नाही ते त्यालाच विचारा.